भिंतीवरचे शेत आणि औंधची सैरंध्री

१९८३ साली मी खटाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा आठवीच्या वर्गाच्या भिंतीवर एकच चित्र होते. कापडावर चिकटवलेला, वर आणि खाली लाकडी पट्टी असलेला, गुंडाळून कपाटात ठेवता येणारा तक्ता. त्यावर एक शेत होते. लाल छपराचे उंच कोठार, पांढरे कुंपण, ट्रॅक्टर, बदकांचे तळे, गवताची गंजी आणि हातात बादली घेऊन चाललेला निळ्या विजारीतला माणूस. प्रत्येक वस्तूशेजारी एक बारीक आकडा, आणि तक्त्याच्या तळाशी त्या आकड्यांसमोर इंग्रजी शब्द. मी पट्टी ठेवून विचारायचे, ‘नंबर सेव्हन?’ आणि वर्ग एका सुरात ओरडायचा, ‘बार्न!’

खटाव हा ज्वारी-बाजरीचा, पावसाची वाट पाहणारा मुलूख. मुलांना कणगी माहीत होती, पेव माहीत होते, गोठा तर होताच. बार्न कुणी पाहिलेले नव्हते, मीही नाही. पण आकडा आला की शब्द येई, आणि तासाच्या शेवटी मला शिकवल्याचे समाधान मिळे. एकदा पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारले, ‘बाई, हा माणूस बादली घेऊन कुठं निघालाय?’ मी म्हणाले, ‘ते विचारलेलं नाही. नंबर फोर काय?’ तो म्हणाला, ‘बकेट,’ आणि खाली बसला.

हा प्रसंग तेव्हा माझ्या लक्षात राहण्यासारखा नव्हता. तो लक्षात आला अकरा वर्षांनी, हैदराबादला एका प्रशिक्षणात. तिथे एका सहाध्यायीने एका जुन्या पुस्तकाची छायाप्रत वाचायला दिली. मूळ पुस्तक १६५८ सालचे. इंग्रजी भाषांतर १६५९ चे. आमच्या हातातली प्रत १८८७ साली अमेरिकेत सिराक्यूज इथे निघालेल्या पुनर्मुद्रणाची. मी पान उलटले आणि थांबले. चित्रात एक बेकरी होती, भट्टी होती, पीठ चाळणारा माणूस होता आणि प्रत्येकाशेजारी बारीक आकडा होता. ते आकडे मी ओळखले. माझ्या वर्गातल्या तक्त्याचा पणजोबा मला सापडला होता.

पुस्तकाचे नाव ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’, म्हणजे इंद्रियांना कळणाऱ्या जगाचे चित्ररूप. लेखक यान आमोस कोमेन्स्की. जग त्याला कोमेनियस या लॅटिन नावाने ओळखते. १५९२ साली मोराविया प्रांतात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, तो जन्मला. बोहेमियन ब्रदरन या छोट्या प्रोटेस्टंट पंथाचा तो धर्मगुरू. १६२० च्या व्हाइट माउंटनच्या लढाईनंतर त्या पंथाला स्वतःच्या देशात जागा उरली नाही. १६२२ मध्ये त्याची पत्नी आणि दोन्ही मुले प्लेगने गेली, १६२८ मध्ये त्याने देश सोडला, आणि पुढचे सारे आयुष्य पोलंड, इंग्लंड, स्वीडन, हंगेरी, हॉलंड असे परक्या भाषांच्या दारात काढले. १६५६ साली पोलंडमधले लेश्नो हे गाव युद्धात जळाले आणि त्याचे घर, ग्रंथ आणि हस्तलिखिते त्यात गेली. त्यातच त्याने चाळीसहून अधिक वर्षे जमवत आणलेला चेक भाषेचा कोशही होता. मातृभाषेचा कोश जळाल्यावर दोन वर्षांनी त्याचे हे चित्रांचे पुस्तक न्युरेंबर्गला प्रसिद्ध झाले. त्याची तयारी हंगेरीतल्या शारोशपाटक इथल्या शाळेत शिकवताना झाली होती. तिथे चित्रे कोरणारा जाणकार कारागीर मिळेना, म्हणून काम रखडले होते.

त्याची तक्रार साधी होती. मुले लॅटिनचे व्याकरण घोकतात, शब्द पाठ करतात, पण शब्दामागची वस्तू त्यांच्या डोळ्यांपुढे नसते. मग शब्द पोकळ राहतो. म्हणून त्याने सुमारे दीडशे प्रकरणांत जग मांडले, प्रत्येक प्रकरणावर एक लाकडी ठशाचे चित्र, खाली एका रकान्यात लॅटिन आणि शेजारच्या रकान्यात जर्मन. सुरुवात ईश्वर आणि विश्वापासून, शेवट अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत. मधे अग्नी, ढग, फळे, माशा, सुतार, शिंपी, छापखाना, न्हावी, शाळा आणि गुन्हेगारांना होणाऱ्या शिक्षासुद्धा. मुलांसाठीचे पुस्तक म्हणून काही लपवलेले नाही. पुस्तकाच्या आरंभी मुळाक्षरे आहेत, तीही प्राण्यांच्या आवाजांतून. पहिले अक्षर कावळ्याचे. आपला कावळा काव काव करतो आणि त्याचा आ आ, एवढाच फरक. मेंढी, टोळ, हुदहुद, रडणारे बाळ, वारा, हंस असे करत अक्षरे पुढे जातात. लिपी शिकण्याआधी मुलाला जे ऐकू येते त्याला त्याने अक्षर केले.

मला सगळ्यांत जास्त थांबवले ते आत्म्याच्या प्रकरणाने. वस्तू दाखवायची, मग शब्द द्यायचा, हा ज्याचा नियम, त्याने आत्मा कसा दाखवायचा? चित्रात एक पडद्यासारखा कागद आहे आणि त्यावर माणसाची आकृती नुसत्या ठिपक्यांनी काढलेली आहे. आत काही नाही. कोमेनियसला ठाऊक असणार की इथे त्याची पद्धत हात टेकते. तरी त्याने प्रकरण गाळले नाही. विवेक, संयम, उद्योगीपणा यांचीही चित्रे त्याने काढून घेतली. ती मला फारशी जमलेली वाटत नाहीत, पण ठिपक्यांचा माणूस जमला आहे. चित्र पाहणारा मूल म्हणणारच, हा कोण, आणि असा का?

हे पुस्तक शतकभराहून अधिक काळ युरोपभर चालले. गटेने आपल्या आत्मचरित्रात लहानपणीच्या वाचनात त्याची आठवण काढली आहे. लंडनचा शिक्षक चार्ल्स हूल याने १६५९ मध्ये ते इंग्रजीत आणले, म्हणजे जर्मनच्या जागी इंग्रजीचा रकाना घातला. माझ्यासारखीला ही गोष्ट फार गमतीची वाटली. त्या पानावर इंग्रजी ही घरातली, आईची, समजण्याची भाषा आहे. परकी आहे ती लॅटिन. आपल्याकडे जी जागा मराठीची, ती तिथे इंग्रजीची. इंग्रज पोरांनाही कुणीतरी ‘नंबर सेव्हन?’ विचारले असेल आणि तीही अडखळली असतील, हे मी परत आल्यावर वर्गात सांगितले, तेव्हा मुले मोकळेपणी हसली. कोमेनियस १६७० मध्ये ॲमस्टरडॅमला वारला. त्यानंतर पंधरा वर्षांनी लेवोचा इथे निघालेल्या आवृत्तीत लॅटिन, जर्मन, हंगेरियन यांच्या शेजारी चेकचाही रकाना होता. ज्या भाषेचा कोश जळाला, ती अखेर त्याच्या चित्रांखाली आली.

प्रस्तावनेत त्याने शिक्षकांना काही सूचना केल्या आहेत. त्यातली एक अशी की, मुलांना ही चित्रे हाताने काढू द्यावीत. नुसती मुभा देऊ नये, तर उत्तेजन द्यावे. पुस्तक शाळेत येण्याआधी घरीच मुलांच्या हातात पडावे आणि त्यांनी ते मनसोक्त चाळावे, असेही तो म्हणतो. या सूचनेखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. मात्र त्या रेघेचा मला चार वर्षे काही उपयोग झाला नाही.

कोमेनियसनंतरच्या तीनशे वर्षांत शाळांनी त्याच्याकडून काय घेतले हे पाहिले तर आकडे घेतले, हात सोडून दिला. पेस्टालॉझीच्या नावाने वस्तुपाठ आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या होल्झेल या प्रकाशनाने ऋतूंची, गावाची, शेताची मोठमोठी भिंतचित्रे काढली आणि परभाषेच्या वर्गांत ती टांगली गेली. माझ्या तक्त्यातले लाल छप्पर त्याच कुळातले. आपल्या मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यातल्या पी. सी. रेन या अधिकाऱ्याने भारतीय शाळांत इंग्रजी थेट, भाषांतराविना, वस्तू आणि कृती दाखवून शिकवावे यासाठी पुस्तक लिहिले. हाच रेन पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीने जगभर गाजला, आणि आपल्याकडे तो ओळखला जातो तो ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणामुळे. वस्तू दाखवा म्हणणाऱ्याचे नाव नियमांच्या पुस्तकावर कायम राहिले. माझी पिढी तर रेनच्याही आधीच्या वाटेने गेलेली. वडिलांनी मला द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हातात दिली होती. तीत चित्र नव्हते, आणि खरे सांगायचे तर तिने मला इंग्रजी शिकवले. त्यामुळे चित्राविना भाषा येत नाही असे मी म्हणणार नाही. तर्खडकरांमुळे मला वाक्य रचता आले. माझ्याकडे बोलण्यासारखे काही आहे का, हे मात्र मला कुणी विचारले नव्हते.

या साखळीतला एक माणूस मला विशेष चकवतो. आय. ए. रिचर्ड्स हा केंब्रिजचा समीक्षक. कवीचे नाव झाकून कविता विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांनी काय काय चुकीचे वाचले ते तपासले आणि त्यावर १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ लिहिले. एका शब्दाचे किती अर्थ होऊ शकतात यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने १९४५ मध्ये क्रिस्टीन गिब्सन यांच्यासोबत ‘इंग्लिश थ्रू पिक्चर्स’ काढले. त्यात काड्यांची माणसे आहेत. चेहरा नाही, कपडे नाहीत, देश नाही. प्रत्येक चौकटीचा एकच अर्थ निघावा, दुसरा निघूच नये, याची त्यात कमालीची काळजी घेतली आहे. अगदी आरंभाच्या धड्यांसाठी ते उत्तमच आहे. मीही फळ्यावर वर्षानुवर्षे काड्यांची माणसे काढली. पण ज्याला कवितेतली संदिग्धता हवी होती त्याला चित्रातली नको होती, याचे मला नवल वाटते. चित्राला एकच अर्थ ठेवला की त्याच्याबद्दल बोलण्यासारखे काय उरते? ‘ही इज हिअर’ म्हटले की संपले.

१९८० साली ॲलन मेली, ॲलन डफ आणि फ्रान्स्वाझ ग्रेले यांचे ‘द माइंड्स आय’ आले. त्यात चित्रांचा वापर नेमका उलटा होता. अर्थ पुरता उलगडणार नाही अशीच चित्रे घ्यायची, म्हणजे माणसे आपसात बोलू लागतात. हे मेली पुढे मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. त्याच मद्रासमध्ये त्यांच्या थोडे आधी एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या शाळांत १९७९ ते ८४ या काळात प्रयोग केला होता, की मुलांचे लक्ष भाषेवर न ठेवता एखाद्या कोड्यावर, नकाशावर, वेळापत्रकावर ठेवले तर भाषा आपोआप आत येते का. हैदराबादच्या प्रशिक्षणात आम्हाला हे सगळे सांगण्यात आले. टिपणे माझ्याकडे अजून आहेत. परत आल्यावर मी पुन्हा तक्ता टांगला, कारण सहामाही परीक्षा तोंडावर होती.

आपल्या शाळांत या गोष्टीला आणखी एक अडथळा आहे, तो वेळापत्रकाचा. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली, आणि पुढे शाळाशाळांत चित्रकला हा स्वतंत्र विषय झाला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा महाराष्ट्रातल्या घराघराला माहीत आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द आमच्या खेड्यातल्या मुलांनाही पाठ. बाजार, जत्रा, पाणवठा, बैलपोळा अशी दृश्ये मुले आठवणीतून रंगवत. आमचे चित्रकलेचे सर त्यात मुलांना फार तयार करत. पण तो तास शनिवारचा, आणि माझा तास रोजचा. शनिवारी ज्या मुलाने जत्रेतली शंभर माणसे काढली, त्याला सोमवारी मी बदकाचा आकडा विचारत असे. एकाच शिक्षक-खोलीत समोरासमोर बसून चहा पिताना आम्हा दोघांना हे कधी सुचले नाही.

आणि चित्र दाखवून बोलायचे, हे आपल्याला कुणी युरोपातून येऊन शिकवायची गरज होती असेही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आले आहेत. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रे, त्यांचा गठ्ठा म्हणजे पोथी. एक एक चित्र उभे धरून वाद्यांच्या साथीने कथा सांगायची. त्या चित्रांवर आकडे नाहीत, कारण चित्रातल्या धनुष्याला धनुष्य म्हणतात हे सांगायला ते चित्र केलेलेच नाही. या माणसाने ते का उचलले, हे सांगायला केले आहे.

औंध आमच्या तालुक्यातच. बाहत्तर गावांच्या या लहान संस्थानाचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये निघाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा त्यांनी १ लाख रुपये देऊ केले, आणि आवृत्ती सचित्र असावी अशी इच्छा धरली. चित्र नसलेले महाभारत त्यांना अपुरे वाटले असावे. मुलांनी सूर्यनमस्कार घालावेत आणि चित्रे पाहावीत, या दोन्ही गोष्टींबद्दल त्यांचा सारखाच आग्रह होता, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगत. १९३८ साली यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभे केले. एका दुष्काळी तालुक्यात, जिथे यायला धड रस्ता नव्हता, तिथे रविवर्म्याची मूळ चित्रे, धुरंधरांची चित्रे, पहाडी आणि राजस्थानी लघुचित्रे आणि युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती. मोठ्या शहरात हे असते तर त्याचा बोभाटा झाला असता.

१९९८ च्या डिसेंबरात मी नववीचा वर्ग घेऊन तिथे गेले. बेचाळीस मुले, एक एसटी, डब्यांत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मुख्याध्यापकांना मी ‘शैक्षणिक सहल, विषय इतिहास’ असे लिहून दिले होते. विषय इंग्रजी लिहिले असते तर परवानगी मिळाली नसती. मुलांना सांगितले होते की एक चित्र निवडा आणि इंग्रजीत तीन वाक्ये लिहा : काय दिसते, काय वाटते आणि काय कळत नाही. सुरुवातीला गोंधळच झाला. पाश्चात्त्य पुतळ्यांच्या दालनात मुली खाली बघून हसू लागल्या, मुलगे कोपऱ्यात घोळका करून उभे राहिले आणि मी, मुक्त वाचन केलेली बाई, सगळ्यांना घाईघाईने पुढच्या दालनात हाकलले. त्यांच्याकडे त्या क्षणी खरोखर सांगण्यासारखे पुष्कळ होते. मलाच ऐकायचे नव्हते.

रविवर्म्याच्या सैरंध्रीपुढे सातआठ मुली थांबल्या. कथा सगळ्यांना माहीत होती. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या राणीची दासी झाली आहे. राणी सुदेष्णा तिला आपल्या भावाकडे, कीचकाकडे, मद्य आणायला पाठवते. कीचकाच्या मनात काय आहे हे राणीलाही ठाऊक आहे. त्या मुलींत मागच्या बाकावरची एक होती. पाचवीपासून इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडल्याचे कुणाला आठवत नव्हते. हजेरीला ‘येस बाई’ म्हणे, तेवढेच तिचे इंग्रजी. ती चित्राकडे बघत हळूच म्हणाली, ‘शी डोन्ट वाँट गो. बट क्वीन से गो.’

मी लगेच म्हणाले, ‘डझन्ट. वाँट टु गो. द क्वीन सेज.’ एका दमात तीन दुरुस्त्या. आवाज प्रेमळच होता. ती म्हणाली, ‘येस बाई,’ वही दप्तरात ठेवली आणि उरलेला दिवस नुसती पाहत फिरली.

एसटीत परत येताना मुले अंताक्षरी खेळत होती. मला खिडकीशी बसून बादलीवाला माणूस आठवला. कोमेनियस वाचून चार वर्षे झाली होती, मेलीची टिपणे होती, प्रभूंची होती, आणि तरी मी पट्टी घेऊनच उभी होते. फक्त भिंत बदलली होती. त्या मुलीने क्रियापदे चुकवली होती, पण जे वाक्य तिने बोलून दाखवले त्याच्याइतके अर्थाचे वाक्य माझ्या वर्गात त्या वर्षी कुणी बोलले नव्हते. तिने ते भाषांतर करून आणले नव्हते आणि तक्त्यातून उचललेही नव्हते. चित्रातल्या बाईची अडचण तिला कळली आणि ती सांगायला जवळ जे होते ते तिने वापरले. दुरुस्ती करू नये असे माझे मत तेव्हाही नव्हते, आजही नाही. चुकीचे वाक्य चुकीचे ठेवून चालत नाही. ते शाळेबाहेर मुलाच्याच अंगाशी येते, आणि ‘चुकू दे’ म्हणणारे बहुधा असे लोक असतात ज्यांच्या मुलांना घरीच इंग्रजी येते. पण दुरुस्तीला एक वेळ असते, आणि मी ती वेळ चुकवली.

पुढच्या आठवड्यात मी चित्रकलेच्या सरांकडे गेले. म्हटले, शनिवारचा एक तास मला अर्धा द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, ‘इंग्रजीला?’ मग म्हणाले, ‘अर्धा कशाला, अख्खा घ्या, मीही थांबतो.’ त्यांनी मुलांना स्मरणचित्र दिले. विषय ‘औंधला पाहिलेले’. मुले तासभर काढत होती. कोमेनियसची पेन्सिलीची रेघ अशी इतक्या उशिरा कामाला आली. काहींनी संग्रहालय सोडून एसटीच काढली, दोघांनी डोंगर, एकाने संग्रहालयाच्या दारातला पहारेकरी. नंतर मी म्हणाले, खाली इंग्रजीत लिहा, जे येईल ते. शब्द अडला तर विचारा. विचारायचे मात्र मराठीत.

त्या तासाला जितके शब्द मला विचारले गेले तितके पंधरा वर्षांत विचारले गेले नव्हते. पेंगणारा. उतार. ओशाळणे. बोट दाखवणे. पितळी. ‘बाई, नजर चुकवणे?’ हा शब्द पुतळ्यांच्या दालनातून आला होता हे मी ओळखले, आणि मुकाट्याने फळ्यावर लिहून दिला. क्रम पूर्ण उलटला होता. आधी आकडा, मग वस्तू, मग शब्द असे जे चालत आले होते, त्यात आता मूल आधी होते. कित्येक शब्द मलाच आले नाहीत. ‘ओशाळणे’ला मी कोश उघडून पाहिला आणि समाधान झाले नाही.

त्या मुलीने सैरंध्री काढलीच नव्हती. तिने राणी काढली होती, आसनावर बसलेली, कागदाच्या अर्ध्याहून मोठी, आणि कोपऱ्यात एक दार. दारात कुणी नाही. आमच्या भिंतीवरच्या तक्त्याची सवय म्हणून तिने आकडेही घातले होते. एक, क्वीन. दोन, डोअर. तीन, जग. चौथा आकडा रिकाम्या दाराशेजारी होता आणि त्याच्यासमोर मराठीत लिहिले होते, ‘नाइलाज’. चित्राखाली दोन ओळी : ‘क्वीन इज सिटिंग. शी इज नॉट गोइंग. शी सेंड अदर.’

मी काही दुरुस्त केले नाही, निदान त्या दिवशी नाही. ती वही घेऊन टेबलापाशी आली आणि म्हणाली, ‘बाई, नाइलाजाला इंग्रजीत काय म्हणतात?’

मी ‘हेल्पलेस’ म्हणाले. तिने ते लिहून घेतले, पण जागेवर गेली नाही. ‘म्हणजे जिला मदत नाही ती? पण बाई, हिला मदत करायला पाच जण होते की.’ मला उत्तर सुचले नाही. घरी जाऊन मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला, तो १८३१ चा. मग वीरकरांचा पाहिला. त्यांत जे मिळाले ते हेल्पलेसच्याच आसपासचे होते. सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी मी तिला बोलावून म्हणाले, इंग्रजीत याला एक शब्द नाही, वाक्य आहे : शी हॅज नो चॉइस. आणि तिच्या दोन ओळींतले ‘सेंड’ आणि ‘अदर’ही आम्ही दोघींनी मिळून तेव्हा नीट केले. तिने हेल्पलेस खोडले, वाक्य लिहिले आणि विचारले, ‘मग मराठीतलं खोडू का?’

मी म्हणाले, राहू दे. तिने दोन्हींच्या मधे पट्टीने एक उभी रेघ मारली.